सशांसाठी निवारा काढायचा विचार आहे. अनुभव हवेत (शिव्याही चालतील)

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते.

आमच्या नाशकात कुत्र्यामांजरांसाठी धावणारे गट आहेत, गायींना गोशाळा-पांजरपोळ आहेत, साप निघाला तर सर्पमित्र गाडीला किक मारून हजर. ससा मात्र कुणाच्याच खात्यात नाही. पोरांच्या हट्टापायी 'जोडी' आणली जाते. चार-सहा महिन्यांत मोबाइलच्या वायरी कुरतडल्या जातात, गॅलरीत वास सुटतो, मग पिल्लं होतात. त्यानंतर पांडवलेणीच्या पायथ्याला नाहीतर एखाद्या फार्महाउसच्या फाटकाशी खोकं ठेवून मंडळी मोकळी. असे ओळखीतून आलेले चार ससे सध्या माझ्याकडे आहेत आणि 'ताई, अजून दोन घ्याल का' असे फोन चालूच आहेत.

गिरणाऱ्याजवळ सासऱ्यांची थोडी जागा पडून आहे. तिथे चाळीस-पन्नास सशांची शेड, दारावर बोर्ड, एक फोन नंबर आणि रीतसर ट्रस्ट असा बेत आहे. नवऱ्याचा होकार आहे, पण त्याचं म्हणणं, आधी माहीतगारांना विचार. शेड कशी असावी? नोंदणी कुठली? खर्च कसा भागवायचा? आणि मुळात हे एका माणसाच्या आवाक्यातलं आहे का?

चिमणी

वाचनखूण साठवली. शुभेच्छा गं!

टवाळखोर

गिरणारे? तिकडे बिबटे किती आहेत ठाऊक आहे ना? बोर्डावर 'घरगुती डबे मिळतील' एवढं लिहायचं राहिलंय. (हलके घ्या.)

पुणेरी_पाटी

बोर्डाचा मजकूर मी देतो: 'येथे ससे सोडू नयेत. सोडल्यास सोडणाऱ्यासही आत ठेवले जाईल. दुपारी १ ते ४ पिंजरे बंद.'

खडूस_काका

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. शाळांना छप्पर नाही, दवाखान्यात खाटा नाहीत, आणि आपण सशांना शेड बांधणार. हौस असेल तर चार ससे घरात पाळा. संस्था, ट्रस्ट, बोर्ड हे कशाला? शेवटी सगळं 'मदत करा, क्यूआर कोड खाली दिला आहे' इथेच येऊन थांबतं.

मृण्मयी_नाशिक

काका, राग नाही. पण शाळेचं छप्पर माझ्या सशांनी खाल्लेलं नाही. :)

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य, विदर्भात सरकारी नोकरीत आहे. गाय, म्हैस, शेळी हा रोजचा धंदा, ससे अधूनमधून येतात. मृण्मयीताई, शेडचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी गणित बघा.

मादी गाभण राहिल्यापासून साधारण ३० ते ३२ दिवसांत विते. एका वेताला चार ते आठ पिल्लं सहज. व्यायल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. पहिली पिल्लं पाजत असताना पोटात दुसरी वाढत असतात. आणि ती पहिली पिल्लं चार-पाच महिन्यांची झाली की त्यांचंही सुरू. तुमच्या चाळीस सशांच्या शेडमध्ये 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणून कुणी आणून दिलेला एक नर निघाला, तर पुढचं वर्षभर तुम्ही निवारा चालवत नसाल, पैदास केंद्र चालवत असाल. लहान पिल्लांत नर-मादी ओळखताना दुकानदार तर चुकतोच, आमचेही लोक चुकतात. तीन महिन्यांच्या आत वेगळे करायचे आणि महिनाभराने पुन्हा उलटे धरून तपासायचे.

म्हणून पहिला खर्च पत्र्याचा नाही, नसबंदीचा. नराची सोपी, मादीची पोट उघडून. नराची झाली तरी लगेच मादीबरोबर सोडायचा नाही, चार ते सहा आठवडे थांबायचं. मादीची शस्त्रक्रिया फक्त पिल्लं टाळायला नसते. न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. पाच-सहा वर्षांची मादी लघवीतून रक्त जातंय म्हणून येते तेव्हा बहुधा तेच असतं.

ही शस्त्रक्रिया कुणाकडून करून घेणार? कुत्र्याला झकास भूल देणारा डॉक्टर सशाला देईलच असं नाही. फोन करून एकच प्रश्न विचारा: 'आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का?' 'हो, बारा तास काही देऊ नका' असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचं आतडं थांबलं की जीवावर बेततं. त्याला भुलीच्या आधीपर्यंत चरत ठेवायचं असतं आणि शुद्धीवर आला की पुन्हा खायला लावायचं असतं.

सुमनमावशी

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेजारी एकीने दोन आणले होते, दिवाळीपर्यंत अकरा. शेवटी सोसायटीच्या सभेत सशांचा विषय अजेंड्यावर, पाण्याच्या टाकीच्याही आधी.

निसर्गमित्र७१

एवढा व्याप कशाला? ससा हा रानातला प्राणी. लोकांना सांगा, त्र्यंबकच्या रानात सोडा, तिथे गवत आहे, पाणी आहे. निसर्ग आपलं आपण बघून घेतो.

रानवाटा

@निसर्गमित्र७१, कृपया हे कुणाला सांगू नका.

त्र्यंबकच्या माळावर दिसतो तो आपला रानससा, मानेवर काळा पट्टा असलेला. दुकानात विकतात तो मूळचा युरोपातला, माणसाने शतकानुशतकं पिंजऱ्यात वाढवलेला. रानससा बिळात राहत नाही, झुडपाखाली दबून बसतो, आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे. पाळीव सशाची पिल्लं उघडी, आंधळी. पांढऱ्याशुभ्र अंगाचा, माणूस दिसला की जवळ येणारा प्राणी रानात सोडायचा म्हणजे घार, मुंगूस आणि कुत्र्यांच्या हवाली करायचा. नशीब काढून जगलाच, तर त्याचा रोग आपल्या रानातल्या जनावरांना देणार. 'निसर्ग बघून घेतो' हे १८५९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिनच्याही मनात असेल. शिकारीसाठी म्हणून दोन डझनांच्या आसपास ससे सोडले, आणि तो देश अजून ते निस्तरतोय.

मृण्मयी, याची दुसरी बाजू तुझ्या कामाची. बोर्ड लावलास की ऊसतोडीच्या, गवतकापणीच्या दिवसांत लोक शेतात सापडलेली रानसशाची पिल्लंही आणून देतील. 'आई दिसली नाही' म्हणतील. आई दिवसभर मुद्दामच लांब असते, दूध पाजायला तिन्हीसांजेनंतर येते. पिल्लू होतं तिथेच, फार तर बांधाच्या आडोशाला, परत ठेवायचं. रानससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो घरात किंवा शेडमध्ये ठेवणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ ला फोन. दोन्ही जातींना एका छपराखाली आणायचंच नाही.

कोल्हापुरी_झटका

मी वेगळ्या वाटेने सशांपर्यंत पोचलो, तेही सांगतो. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी ससेपालनाची लाट आली होती. कंपनीवाले यायचे, प्रोजेक्टरवर चित्रं दाखवायचे: पिंजरे आमचे, ससे आमचे, खाद्य आमचं, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ, मटणाला मागणी, कातडीला मागणी, लेंडीखताला मागणी. इमू पक्ष्यांच्या अशाच योजनेत हात पोळलेले लोक पुन्हा त्याच चुलीत हात घालायला तयार. माझ्या चुलतभावाने पतपेढीचं कर्ज काढून युनिट घेतलं. पहिले दोन हप्ते वेळेवर आले, तिसऱ्याला फोन लागेना. ऑफिसला कुलूप.

आता पिंजऱ्यात शेकड्याने ससे, खाद्याला पैसे नाहीत, बाजारात गिऱ्हाईक नाही. आमच्याकडे बोकड सोडून सशाचं मटण मागायला कोण येतंय? वहिनी गवत कापून कापून टेकीला आली. शेवटी फुकट वाटले, जे उरले ते कसे गेले ते विचारू नका.

सांगायचा मुद्दा, ताई, तुम्हाला वाटतंय बाल्कनीतले दोन-दोन ससे येतील. एखाद दिवशी असा टेम्पो येईल. तेव्हा 'नाही' म्हणता येईल का, ते आत्ताच ठरवा.

खडूस_काका

हा प्रतिसाद पटला. याच्यावर मात्र खरंच विचार करा.

टवाळखोर

खडूस काकांना काहीतरी पटलं! धागा ऐतिहासिक. दिनांक लिहून ठेवा.

बे_एरियाकर

इकडे कॅलिफोर्नियात मी तीन-चार वर्षं एका सशांच्या संस्थेत शनिवार-रविवार स्वयंसेवक आहे, म्हणून थोडं.

इथे हे काम जुनं आहे. हाउस रॅबिट सोसायटी १९८८ सालची. ससा अंगणातल्या खुराड्यात न ठेवता घरात ठेवायचा, मांजरासारखी शी-शूची सवय लावायची, हा आग्रह त्यांनी रुजवला. ईस्टरच्या सणाला पोरांना ससे भेट देतात, तो झाला की एप्रिल-मेपासून नको झालेल्या सशांचा ओघ सुरू होतो. २०१९ पासून या राज्यात दुकानांना कुत्री, मांजरं आणि ससे हे निवारा संस्थांकडूनच आणून ठेवावे लागतात, पैदासवाल्यांकडून घेऊन विकता येत नाहीत. तरीही जागा पुरत नाही.

मी जिथे जातो तिथला पहिला नियम: जितके पिंजरे तितके ससे, एकही जास्त नाही. दारात कुणी रडलं तरी प्रतीक्षा यादी. सुरुवातीला मला हे निर्दयी वाटायचं. पण २०२० मध्ये सशांचा एक जीवघेणा रक्तस्रावी आजार अमेरिकेच्या पश्चिम भागात पसरला, तेव्हा कळलं की गर्दी आणि नवा आलेला ससा वेगळा न ठेवणं याने एका आठवड्यात सगळं संपू शकतं. नवा ससा निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, त्याचं काम सगळ्यात शेवटी, मग हात-कपडे धुऊनच बाकीच्यांकडे.

दुसरं म्हणजे यातले बरेचसे ससे मुळात संस्थेच्या इमारतीत नसतातच, लोकांच्या घरी तात्पुरते असतात. तुम्हाला शेडपेक्षा एकेक जोडी सांभाळणारी आठ घरं जास्त उपयोगी पडतील.

मृण्मयी_नाशिक

आठ घरं! इथे एक घर मिळवताना नाकीनऊ येतात. लोक म्हणतात, घेतो, पण गच्चीवर ठेवू. नाशकात एप्रिल-मे चाळिशीला टेकतो, गच्चीवर ससा भाजून निघेल.

गुरांचा_डॉक्टर

चाळीस लांबची गोष्ट. तिशीच्या पुढे गेलं की सशाला त्रास सुरू. त्याला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. तोंड उघडून धापा टाकायला लागला, हनुवटी लाळेने ओली झाली, तर वेळ थोडा आहे असं समजा. कान ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाऱ्याला न्या, डॉक्टर गाठा. बादलीत बुडवू नका, धक्क्याने मरतो.

शेड बांधायचीच झाली तर नुसता पत्रा नको. पत्र्यावर पाचट किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर, खिडक्यांना ओलं गोणपाट, जमिनीवर शहाबादी फरशीचे तुकडे. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवल्या की ससा स्वतःच त्यांना टेकून पसरतो. आमच्याकडे वर्ध्याला मे महिन्यात लाइट गेली की ह्याच बाटल्या कामी येतात.

तळाला नुसती जाळी तर कधीच नको. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त केस. जाळीवर बसून बसून मागच्या टाचांना जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत.

शेतकरी_त्र्यंबक

ताई, कुंपणाला कोंबडीची जाळी लावू नका. कुत्रं दातानं फाडतं. वेल्डमेश (वेल्डिंगची लोखंडी जाळी) घ्या, अर्ध्या इंचाची, म्हणजे मुंगूस आणि घूसपण आत येणार नाही. खाली कोबा करा, नाहीतर ससे भुयार काढून पसार. बिबट्याचं म्हणाल तर त्याला जाळीनं काही होत नाही. रात्री पक्क्या भिंतीच्या खोलीतच बंद करा. आमच्या शेजाऱ्याच्या शेळ्या बंद गोठ्यात वाचल्या, अंगणातलं कुत्रं गेलं.

चाऱ्याचं काय करणार हो तुम्ही?

मृण्मयी_नाशिक

@शेतकरी_त्र्यंबक, दादा, तिथेच गाडी अडते. आत्ता ऑनलाइन टिमोथी गवत मागवते. बाहेरदेशातून येतं, चार सशांनाच परवडेना झालंय. सोबत कोथिंबीर, मेथी आणि पंचवटीच्या भाजीबाजारातला फ्लॉवरचा पाला.

शेतकरी_त्र्यंबक

मग ते विलायती गवत कशाला? पाऊस उघडला की आमच्या डोंगराला पवना आणि मारवेल कमरेइतकं असतं. फुलोऱ्यावर यायच्या सुमाराला कापायचं, दोन-तीन उन्हं द्यायची, पेंढ्या बांधून माळ्यावर. जनावरं हिरव्यापेक्षा आवडीनं खातात. ससा का खाणार नाही?

गुरांचा_डॉक्टर

खाईल, उत्तम खाईल. सशाच्या पोटाला हवं असतं ते लांब तंतूचं वाळलं गवत, चोवीस तास समोर. त्याचे दात जन्मभर वाढतात, ते गवत रवंथल्यासारखं घासूनच झिजतात. आहाराचा मोठा हिस्सा, साधारण ८० टक्के, हेच असावं. बाजारातल्या खाद्याच्या गोळ्या चमचा-दोन चमचे. दोन-तीन गोष्टी सांभाळा.

कुसळी गवत निवडून काढा. त्याची टोकं डोळ्यात, हिरडीत रुततात. पेंढी उघडल्यावर कुबट वास आला, पांढरी भुकटी उडाली की बुरशी आहे, ती पेंढी अख्खी बाहेर. ज्वारीचा कोवळा हिरवा पोंगा अजिबात नको, त्यात विष असतं, गुरंही दगावतात. लसूणघास वाढत्या पिल्लांना चालेल, मोठ्यांना रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन लघवीत गाळ धरतो. आणि तुम्ही नाशिकच्या, म्हणून मुद्दाम: द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत कितीही हिरवंगार दिसलं तरी कापायचं नाही. बागेतली फवारणी बांधावर उडतेच.

पोळी, ब्रेड, बिस्कीट बंद. गाजरसुद्धा एखादी चकती, खाऊ म्हणून.

चिमणी

काय? गाजर नाही??? माझं बालपण खोटं होतं का?

पुणेरी_पाटी

गाजराचा पाला सशाला, गाजर आपल्या हलव्याला. दोघांचंही भलं.

सुमनमावशी

डॉक्टर, अवांतर विचारते. आमच्या नातवाचा ससा स्वतःच्या लेंड्या खातो. सूनबाई किळस येऊन पिंजरा सारखा धुते. काही कमी पडतंय का त्याला?

गुरांचा_डॉक्टर

मावशी, कमी काही नाही, तो त्याच्या पचनाचाच भाग आहे. सशाच्या लेंड्या दोन तऱ्हेच्या. गोल, कोरड्या, ज्या आपण झाडतो त्या. आणि मऊ, चिकट, घोसाने येणाऱ्या, त्या तो थेट तोंडाने टिपतो. त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. सूनबाईंना सांगा, या मऊ लेंड्या पिंजऱ्यात पडलेल्या दिसायला लागल्या तरच काळजी करायची. बहुधा खुराक जास्त होतोय किंवा ससा इतका जाडा झालाय की त्याचं तोंड पोचत नाही.

तसंच उलट: कोरड्या लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, ससा कोपऱ्यात गोळा होऊन बसला, दात करकर वाजवायला लागला, आवडती कोथिंबीरही हुंगून सोडली, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही. दहा-बारा तास न खाणं म्हणजे सशासाठी धोक्याची घंटा. निवाऱ्यात रोज सकाळी आधी काय करायचं असेल तर प्रत्येक पिंजऱ्यासमोर उकिडवं बसून लेंड्या बघायच्या. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, वहीत नोंद. ससा आजार शेवटपर्यंत लपवतो, काटा लपवू देत नाही.

अजून एक, हे खूप जणांच्या हातून होतं. सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध द्यायचं नाही, आतड्यातले चांगले जिवाणू मरून ससा जातो. कुत्र्याच्या गोचिडांवर मानेला टाकतात ते फिप्रोनिलही सशाला विषारी. घरात कुत्र्याची बाटली आहे म्हणून दोन थेंब टाकू नका.

हिशेबनीस

नोंदणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, माझा रोजचा विषय.

पर्याय मुख्यतः दोन. एक, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट. दुसरा, कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी. छोट्या कामाला ट्रस्ट बरा, पण विश्वस्त म्हणून नवरा, सासू आणि मावसभाऊ एवढेच टाकू नका. भांडण झालं की विश्वस्त बदलाचे अर्ज (बदल अर्ज) वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यात एक पशुवैद्य आणि एक हिशेब कळणारा माणूस हवाच. पुढे आयकर खात्याच्या दोन नोंदण्या (१९६१ च्या आयकर कायद्यातल्या १२ए आणि ८०जी): पहिलीने संस्थेला करसवलत, दुसरीने देणगीदाराला. ८०जी नसेल तर देणगीदाराला सवलत नाही, मग मोठी देणगी अवघड. दरवर्षी हिशेब तपासणी, सभेची इतिवृत्तं, विश्वस्त बदलले की बदल अर्ज. ससे कमी त्रास देतात हो.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता हवी असेल तर आधी काही काळ काम केल्याचे कागद लागतात. म्हणून माझा सल्ला खडूस काकांच्या जवळ जाणारा: पहिलं वर्ष नोंदणी नको, सार्वजनिक देणगीही नको. स्वतःच्या आणि चार मित्रांच्या पैशात चालवा. बिलं मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

आणि दुकानांबद्दल: २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे आणि त्यात ससा स्पष्टपणे येतो. आठवडी बाजारात टोपलीत ससे विकणाऱ्याकडे ती असते का, हा प्रश्न तुम्ही लेखी विचारू शकता.

टवाळखोर

आणि खोकं सोडून पळणाऱ्याला काय शिक्षा?

हिशेबनीस

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. उपाशी-तहानलेला राहील अशा रीतीने प्राणी सोडून देणं हा गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये.

टवाळखोर

पन्नास रुपये म्हणजे वडापावचे पैसे. कायदा बदला, निदान सशाच्या एका महिन्याच्या कोथिंबिरीएवढा तरी करा.

खडूस_काका

हिशेबनीसांनी माझं नाव घेतलं म्हणून पुन्हा आलो. माझा विरोध सशांना नाही. माझ्या पाहण्यातल्या एका प्राणी संस्थेत उत्साहाने सुरुवात झाली. तीन वर्षांनी बाई एकट्या उरल्या, घरात सत्तर मांजरं, शेजाऱ्यांच्या तक्रारी, आणि शेवटी त्यांच्यापासूनच मांजरांना सोडवायची वेळ आली. ससा आठ-दहा वर्षं जगतो म्हणतात. मृण्मयीताई, तुम्ही आजारी पडलात, बदली झाली, घरात म्हातारपण आलं, तर ही पन्नास तोंडं कुणाकडे? या प्रश्नाचं उत्तर कागदावर नसेल तर शेडचा पाया खणू नका.

बे_एरियाकर

काकांशी सहमत. इथेही असे प्रसंग होतात, आणि ते सुरू करणारी माणसं वाईट नसतात.

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस नवरा आणि मी हा धागा छापून घेऊन बसलो होतो (त्याने खडूस काकांचे प्रतिसाद पिवळ्या पेनाने रंगवलेत).

पन्नासचा बेत रद्द. आता असं ठरतंय: शेड नाही. घरातली मागची खोली, तिथे जास्तीत जास्त आठ ससे, त्यातली एक जागा नव्याला वेगळं ठेवण्यासाठी कायम राखीव. बोर्ड नाही. गिरणाऱ्याच्या जागेत यंदा फक्त गवत साठवायची खोली. ससा दत्तक देताना नसबंदी झाल्याशिवाय द्यायचा नाही, आणि गच्चीवर ठेवणाऱ्याला द्यायचा नाही. घर आधी व्हिडिओ कॉलवर बघायचं. वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्याला नम्रपणे सॉफ्ट टॉयच्या दुकानाचा पत्ता.

डॉक्टरांचा प्रश्न चार दवाखान्यांत विचारला. तिघांनी 'रात्रभर उपाशी' सांगितलं. चौथ्या मॅडम म्हणाल्या, 'उपाशी कशाला? येताना त्याची मेथीची जुडी घेऊन या, शुद्धीवर आल्यावर लागेल.' त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात पहिल्या दोन नरांची वेळ घेतली आहे.

एका गोष्टीवर मात्र काकांशी वाद आहे. फोन नंबर मी देणार. ससे घेण्यासाठी नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांना नर-मादी वेगळे कसे करायचे, काय खाऊ घालायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं एवढं सांगितलं तरी निम्मी खोकी फाटकाशी येणार नाहीत असं मला वाटतं.

खडूस_काका

नंबर द्या. पण रात्री नऊनंतर बंद ठेवा. आणि विश्वस्तांत हिशेब बघणारा लागला तर मी निवृत्त बँकवाला आहे, नाशिकरोडला राहतो. ससे हाताळणार नाही.

कोल्हापुरी_झटका

आता खरंच दिनांक लिहून ठेवा रे.

शेतकरी_त्र्यंबक

ताई, दिवाळीनंतर गवत कापणीला या. पवन्याच्या पेंढ्या बाजूला काढून ठेवतो, कुसळ निवडून. गाडीभाडं तुमचं. पोरांना ससे दाखवायला मात्र आणावं लागेल मला.

इंदिरानगरची_सई

नमस्कार, मी नवीन सदस्य, धागा शोधतानाच सापडला. आमच्याकडे तीन महिन्यांचे दोन ससे आहेत, एकाच पिंजऱ्यात. दुकानदाराने दोन्ही माद्या सांगितल्या होत्या. कालपासून एक जण तोंडात कागद आणि स्वतःच्या छातीचे केस उपटून कोपऱ्यात गोळा करतेय. हे काय आहे? तुम्ही घ्याल का दोघांना?

गुरांचा_डॉक्टर

घरटं करतेय. वय तीन महिने नसून जास्त असणार. कधीकधी पोटात काही नसतानाही करतात, पण इथे गाभणच धरून चाला.

मृण्मयी_नाशिक

सई, आत्ता घेऊ शकत नाही. पण दुसऱ्याला आज रात्रीच वेगळ्या पिंजऱ्यात ठेव, सकाळवर टाकू नकोस. तिला एक पुठ्ठ्याचं खोकं, त्यात भाताचा पेंढा किंवा वाळलं गवत दे, आणि उचलून बघू नकोस. निरोपात नंबर पाठवते, साडेआठला फोन कर.